नाशिकहून समुद्रावर गळ टाकायला पहिल्यांदाच जाताय? मग हे वाचून निघा

आपल्याकडची बरीचशी पोरं गळ टाकायला शिकतात ती गोदावरीच्या काठाला नाहीतर गंगापूर, दारणाच्या पाण्यावर. पिठाचा गोळा किंवा गांडूळ लावायचं, एखाद्या दगडावर बूड टेकायचं आणि दोरी हलायची वाट बघायची. मग कधीतरी समुद्रावरच्या फिशिंगचे व्हिडिओ बघण्यात येतात, रॉड घेतला जातो, तोही दुकानात असेल तो सगळ्यात लांब, आणि एका शनिवारी रात्री चार मित्र गाडीत बसून पालघरच्या किनाऱ्याला निघतात. पहाटे पोचतात, ओहोटी लागलेली असते, पाणी अर्धा किलोमीटर आत गेलेलं असतं, मग चिखलातून चालत जाऊन जीव खाऊन लांब फेकाफेकी करतात आणि नऊ वाजता रिकाम्या हाताने परत. मी स्वतः हेच केलंय, म्हणून सांगतो.

दोनच गोष्टी आधी डोक्यात पक्क्या करा. मासा किनाऱ्याला कधी येतो ते तिथीवरून कळतं, आणि आला की तो आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जवळ असतो. या दोन गोष्टी जमल्या की लांब फेकायची गरजच उरत नाही, आणि गर्दीच्या बीचवर लांब फेकायची गरज नसणं ही सगळ्यांच्या जिवाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

माझ्या पहिल्या खेपेला पालघरजवळच्या केळव्याला काय झालं ते सांगतो. हातात १२ फुटी रॉड, पातळ दोरी, पुढे १०० ग्रॅमचं शिसं, आणि पुढे जाड दोरीचा तुकडा जोडायचा असतो, लीडर म्हणतात तो, हेच माहीत नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या फेकीला अख्खी ताकद लावली आणि अर्ध्यात दोरी फटकन तुटली. शिसं समुद्राकडे गेलंच नाही, आडवं किनाऱ्यावरून गेलं आणि मॉर्निंग वॉक करणाऱ्या एका आजींच्या मागे दोन हातांवर वाळूत घुसलं. आजींना काही कळलंसुद्धा नाही, त्या तशाच पुढे चालत गेल्या. मी मात्र रॉड खाली ठेवला आणि त्या दिवशी परत उचलला नाही. पुढचं जे काही लिहितोय ते सगळं त्या दिवसानंतर शिकलेलं आहे.

तर पहिलं काम, कालनिर्णय काढा

समुद्राला दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, आणि भरतीची वेळ रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. कोकणातली जुनी माणसं याचा हिशोब बोटावर करतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. शुद्ध पक्ष असो नाहीतर वद्य, हिशोब तोच. मुंबईकडे हे चांगलं जुळतं, डहाणूकडे वर गेलं की भरती थोडी उशिरा येते, म्हणून मोबाइलवरच्या टाइड अ‍ॅपमध्ये जवळचं ठिकाण टाकून एकदा ताडून घ्या. पण तारीख ठरवायला कालनिर्णय पुरतं.

आता आपल्याला काय पाहिजे, तर उजाडताना पाणी चढत असलेलं पाहिजे. चढत्या पाण्याबरोबर मासा किनाऱ्याजवळच्या खळग्यांमध्ये चरायला येतो, आणि अंधार-उजेडाच्या मधल्या वेळात तो जास्त बिनधास्त असतो. सकाळी साडेसात-आठला भरती पूर्ण भरावी असं धरलं तर तिथी येते दशमी नाहीतर एकादशी. पाण्याचा चढ रात्री सव्वा-दीडलाच सुरू झालेला असतो, तुम्ही पाचला उभे राहिलात की साडेआठपर्यंतचा सगळा मस्त वेळ तुमचा. नवमी आणि द्वादशीसुद्धा चालतात, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे.

या तिथ्यांचा अजून एक फायदा आहे जो नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढ जबरदस्त, पाणी गढूळ, शिसं जागेवर राहत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढउतार कमी, ओढ कमी. दशमीला भांग नुकताच सरलेला असतो, पाणी हलतंय पण तुम्हाला ओढून नेत नाही. शिकायला याच्यापेक्षा चांगलं पाणी नाही. पालघर-डहाणूकडे तर हे जास्तच लक्षात ठेवा कारण खंबातच्या आखाताच्या दिशेने जावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो.

शुद्ध दशमीला चंद्र मध्यरात्रीनंतर मावळतो, म्हणजे पहाटे पाचला मिट्ट काळोख. वद्य दशमीला उलटं, पहाटे चंद्राची कोर वर असते, थोडा उजेड मिळतो. पहिल्यांदा जाताय तर वद्य पक्षातली तारीख धरा, गाठी मारताना बरं पडतं.

घरी एकादशीला मासे चालत नसतील तर सरळ दशमी नाहीतर द्वादशी धरा, उगाच वाद नको. आणि पौष वद्य एकादशीच्या आसपास त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा असते, रस्ताभर दिंड्या चालत येत असतात. त्या दिवसांत त्या रस्त्याने गाडी न्यायचीच नाही, वारकऱ्यांना त्रास देऊन मासे मारायला जाण्यात काय मजा.

सीझन म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला, मेपर्यंतही चालतं. पावसाळ्यात अजिबात नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याचा त्या बंदीशी संबंध नसला तरी जो समुद्र बोटवाल्यांना नको वाटतो त्याच्या तोंडाशी नवख्याने उभं राहू नये. आणि कुठल्याही महिन्यात निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज आणि समुद्राचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा बघा, इशारा असेल तर ट्रिप कॅन्सल, पैसे गेले तर गेले.

निघायचं कधी

रात्री एकला नाशिक सोडून पहाटे बीचवर, हा प्लॅन करू नका. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर आणि मग केळवे असा रस्ता, घाट आहे, थंडीत धुकं असतं, चार-साडेचार तास सहज जातात. डहाणू-बोर्डीला जायचं तर जव्हारवरून कासा-चारोटीकडे. झोप न झालेला ड्रायव्हर हा समुद्रापेक्षा जास्त धोकादायक आहे.

आदल्या दिवशी सकाळी आठला निघा म्हणजे दुपारी एकच्या आसपास तिथे. हीच वेळ का, तर दशमीच्या आदल्या दिवशी, नवमीला, भरती पावणेसातची, मग पूर्ण ओहोटी एकच्या सुमारास. म्हणजे तुम्ही पोचता तेव्हा समुद्राने आपला सगळा तळ उघडा करून ठेवलेला असतो. उद्या पहाटे अंधारात जिथे गळ टाकायचाय ती जागा आज उन्हात चालून बघता येते. जेवण नंतर करा, आधी हे करा.

काय बघायचं. सपाट दिसणारी वाळू सपाट नसते. किनाऱ्याला समांतर असे लांबट खळगे असतात, त्यात ओहोटीलाही पाणी साचून राहतं, त्यांच्या पुढे वाळूचा उंचवटा, मग परत खळगा. भरती चढताना मासा या खळग्यातून फिरतो, कारण लाट उंचवट्यावर फुटली की वाळूतले किडे, खेकडे, शिंपले उघडे पडून खळग्यात येतात. शिंपल्यांचे तुकडे, छोट्या खेकड्यांची बिळं जिथे जास्त दिसतील ती जागा धरा. तिथून किनाऱ्यावरच्या कशाचा तरी नेम धरून ठेवा, सुरूचं एखादं वाकडं झाड, लाइटचा खांब, काहीही, म्हणजे पहाटे सापडेल. मोबाइलमध्ये पिन टाकून ठेवली तरी चालतं पण मी झाडावर जास्त विश्वास ठेवतो.

भरती पूर्ण असताना बघितलं तर हाच खळगा किनाऱ्यापासून २०-३० मीटरवर असतो. आता लक्षात आलं ना, लांब का फेकायचं नाही ते? आपण ८० मीटर फेकतो तेव्हा मासा आपल्या आणि शिशाच्या मधे फिरत असतो.

त्याच फेरीत अजून तीन गोष्टी बघा. खडक कुठे आहेत, जुनी जाळी-दोर कुठे गाडलेत, आणि स्थानिक कोळी-मांगेला बांधवांचे खुंट कुठे रोवलेत. खुंटांना जाळी लावलेली असते, ती त्यांची रोजीरोटी आहे, तिच्या आसपास गळ टाकायचाच नाही. तिथे कुणी दिसलं तर सरळ जाऊन विचारा, "काका, नाशिकहून आलोय, गळ टाकायचाय, तुमची जाळी कुठपर्यंत आहे?" इतकं विचारलं की बहुतेक वेळा जाळी तर दाखवतातच, मासा कुठे लागतो तेही सांगतात. बोंबील सुकवायच्या वलांड्यांखालून, वाळत घातलेल्या जवळ्यावरून चालू नका. आणि गाडी वाळूवर उतरवू नका, चढत्या पाण्यात रुतलेली गाडी काढायला मग त्याच लोकांना हाका मारायला लागतात.

सामान

रॉड १० फुटी घ्या, १२-१३ फुटी नको. १० फुटीने ४०-५० मीटर आरामात जातं, आणि गर्दीत तो आवरतो. त्यावर ५०-१०० ग्रॅम वजन फेकता येतं असं लिहिलेलं बघा. रील ५००० साइझचं स्पिनिंग, खाऱ्या पाण्याला चालणारं. गंगापूरला वापरता ते छोटं रील नेलं तर दोन ट्रिपमध्ये आतून गंजतं.

दोरी, म्हणजे आपलं तंगूस, ०.३५ मिमीचं. ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, नवीन माणसाने घेऊ नये असं माझं मत, गुंता सुटत नाही, बोट कापतं, आणि वाऱ्यात अंधारात दिसत नाही.

आता लीडर. हे नीट वाचा कारण गर्दीच्या बीचवर हीच एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फेकताना शिशाचा सगळा झटका पहिल्या काही फूट दोरीवर येतो. पातळ दोरी तिथे तुटते आणि शिसं गोळीसारखं सुटतं, कुठेही. म्हणून मुख्य दोरीच्या पुढे जाड दोरीचा तुकडा जोडतात, त्याला शॉक लीडर म्हणतात. हिशोब सोपा आहे, शिशाच्या दर २८ ग्रॅमला १० पौंडाची ताकद. ८५ ग्रॅमचं शिसं तर ३० पौंडाची लीडर, कमी नाही. लांबी रॉडच्या दुप्पट आणि वर रीलवर पाच-सहा वेढे बसतील इतकी, म्हणजे १० फुटी रॉडला २५ ते ३० फूट. जोडायला डबल युनी गाठ. गाठ आवळायच्या आधी थुंकीने ओली करायची, कोरडी आवळली की दोरी गरम होऊन तिथेच कमजोर होते. दर तासाला लीडरवरून बोटं फिरवा, कुठे खरखरीत लागली की कापून नवीन. दोन मिनिटांचं काम आहे, कंटाळा करू नका.

ज्यांना वाटतं दोरीने काय होणार, त्यांनी संक्रांतीला आपल्याकडे नायलॉन मांजाने काय होतं ते आठवावं. येवल्या-नाशिकच्या माणसाला ताणलेली दोरी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

गळ १/० आणि २/० चे सर्कल हुक, आणि लहान माशांसाठी ४-६ नंबरचे थोडे. सर्कल हुक माशाच्या तोंडाच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, सोडायचा मासा जिवंत सोडता येतो. शिसं पिरॅमिड आकाराचं, ते वाळूत धरून राहतं, गोल शिसं लाटेबरोबर शेजारच्याच्या दोरीत जाऊन बसतं आणि सकाळी सकाळी भांडण. बाकी स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), नोजप्लायर, कात्री, हेडलॅम्प, जुना टॉवेल, बादली, पाच लिटर गोडं पाणी, प्रथमोपचाराची पिशवी. रॉड उभा करायला पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा, खालचं टोक तिरकं कापलेलं, म्हणजे वाळूत घुसतो. नाशिकला कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतो, महागडा स्टँड घ्यायची काही गरज नाही. पाइपला वरून पांढरं कापड किंवा रिफ्लेक्टर टेप गुंडाळा.

निघायच्या आधी दोन-तीन रविवार फेकण्याची प्रॅक्टिस करा, कांदा काढून झालेल्या मोकळ्या वावरात, गळ न लावता नुसतं शिसं बांधून. शेतमालकाला विचारून अर्थातच. गोल्फ क्लब मैदानावर नाही, तिथे चालणारी माणसं असतात. ५० पावलांवर एक गोणी ठेवा आणि तिच्या आसपास शिसं पडतंय का बघा. लांबीसाठी नाही, सरळ जाण्यासाठी प्रॅक्टिस. दहापैकी नऊ सरळ गेली की तुम्ही बीचसाठी तयार.

आमिष मात्र नाशिकहून नेऊ नका, पिठाच्या गोळ्याचा तिथे काही उपयोग नाही, पहिल्या लाटेत विरघळतो. आदल्या संध्याकाळी तिकडच्याच बाजारातून ताजी कोळंबी, थोडा माकूल (स्क्विड), दोन-चार तारल्या किंवा बांगडा घ्या. कोळंबी सगळ्यांना आवडते पण लवकर निघून जाते, माकूल चिवट असतो, टिकतो, लहान मासे आणि खेकडे कुरतडत असतील तर माकूलच लावा. बांगड्याची पट्टी कातडीसकट कापायची, बोटाएवढी.

पहाट

साडेचारला उठा, पाचला किनाऱ्यावर. जागा निवडताना एक नियम, बीचच्या मधोमध नाही. जिथे रस्ता येऊन मिळतो, चहाच्या टपऱ्या असतात, घोडागाडी आणि पोरांचे क्रिकेटचे स्टंप असतात, तिथून जितकं लांब एका टोकाला जाता येईल तितकं जा. पश्चिम किनारा असल्याने सूर्य मागून, जमिनीकडून येतो. समोर समुद्रावर बराच वेळ अंधारच वाटतो, पण मागे बीच भरायला लागलेला असतो हे आपल्याला कळत नाही. थंडीत साडेसहाला फटफटतं आणि त्याआधीच चालणारे, पळणारे, कुत्री फिरवणारे सुरू होतात. म्हणून पाठीमागे एक माणूस पाहिजेच. एकटे जाऊ नका, गर्दीच्या बीचवर तर नाहीच.

आमच्यात पद्धत अशी आहे, एक जण फेकतो तेव्हा दुसरा पाठ समुद्राकडे करून मागे बघतो. तो "हां" म्हणाला की मगच रॉड मागे न्यायचा. फेकणारा मोठ्याने "टाकतोय!" म्हणतो. सुरुवातीला लाज वाटते, मग सवय होते, आणि आजूबाजूचे लोक आपणहून थांबायला लागतात. फेक फक्त डोक्यावरून, सरळ. बाजूने आडवी फेक अजिबात नाही. दुसरा कुणी गळ टाकणारा असेल तर त्याच्यापासून किमान १५-२० मीटर. त्याचं शिसं पाण्यात कुठे आहे ते विचारून घ्या.

फेकून झालं की दोरी ताणून रॉड पाइपमध्ये उभा ठेवा, आणि स्वतः रॉडच्या मागे नाही, पुढे, पाण्याच्या बाजूला उभे राहा. कारण काठाने चालणारा माणूस रॉड आणि पाणी यांच्या मधून जातो, ती दोरी बरोबर त्याच्या मानेच्या उंचीला येते आणि अंधारात तंगूस दिसत नाही. तुम्ही तिथे उभे असाल तर हाताने थांबवून मागून जायला सांगता येतं. "दादा, मागून या जरा, दोरी आहे." कुणी रागावत नाही. पोरं मासे बघायला गोळा होतात, त्यांना एका बाजूला बसवा, सांगा की काका टाकतील तेव्हा कुणी उठायचं नाही. ऐकतात. गळ लावलेली दोरी वाळूवर कधी पडू देऊ नका, अनवाणी पाय असतात सगळीकडे. निघताना गळ मोजा, जितके आणले तितके परत, तुटून पाण्यात गेले ते सोडून.

पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ नका. पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूत घासत चाला, पाकट तळाशी वाळूत पडून असतो, पाय घासला की त्याला कळतं आणि तो निघून जातो, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. लाटा फुटत असताना मधेच एखाद्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी गडद आणि शांत दिसतं. गळ टाकायला ती जागा चांगली, खोल असते, पण उतरायला सगळ्यात वाईट, तिथून पाणी आत ओढतं. कुणी ओढला गेलाच तर किनाऱ्याच्या दिशेने ओढीविरुद्ध झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. आणि सपाट बीचवर चढतं पाणी मागच्या खळग्यातून वळसा घालून तुमच्या पाठीमागे येतं, उंचवट्यावर उभे असाल तर दर दहा मिनिटांनी मागे बघा.

लागलं की काय करायचं

रॉडचं टोक थरथरत असेल तर तो बहुतेक छोटा मासा नाहीतर खेकडा, थांबा. टोक सरळ खाली वाकून राहिलं तर मासा घेऊन चाललाय. सर्कल हुकला झटका द्यायचा नसतो, गंगापूरची सवय इथे नडते. फक्त रॉड उचला आणि रील फिरवायला लागा, हुक आपोआप बसतो. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आधीच असा लावून ठेवा की हाताने जोरात ओढल्यावर दोरी निघेल. मासा किनाऱ्याजवळ आला की येणाऱ्या लाटेबरोबर ओढायचा, जाणाऱ्या लाटेला ढील द्यायची. लाट त्याला वाळूवर आणून ठेवते, घाईघाईत उचलायला गेलं की तिथेच तुटतं. मोठा मासा लागला की गर्दी धावत येते, तेव्हा जोडीदाराने लोकांना मागे थांबवायचं, मासा नंतर दाखवू म्हणून सांगायचं.

काय लागेल? मुडदुशी, ढोमा, शिंगाळा हे नेहमीचे. नशीब असेल तर रावस, खाडीच्या तोंडाजवळ जिताडा किंवा तांबोशी. पापलेट लागेल का असं प्रत्येक जण विचारतो कारण शेजारी सातपाटी आहे आणि पापलेट आता महाराष्ट्राचा राज्यमासाही आहे, पण पापलेट जाळ्यात मिळतो, किनाऱ्यावरच्या गळाला त्याची आशा ठेवू नका.

शिंगाळ्यापासून सांभाळा. पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे करवतीसारखे तीन काटे, विषारी. हाताने धरायचाच नाही, टॉवेलने दाबून प्लायरने गळ काढायचा. काटा लागलाच तर जखम गोड्या पाण्याने धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, त्या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो. शेजारच्या टपरीवर गरम पाणी मिळतं. मग डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. पाकटाच्या काट्यालाही हेच, फक्त काटा खोल रुतला असेल तर ओढून काढू नका, सरळ हॉस्पिटल. फुग्यासारखा फुगणारा केंड लागला तर पाण्यात परत, कुणीही कितीही म्हणालं तरी खायचा नाही, विषारी असतो. आणि सापासारखं, शेपूट वल्ह्यासारखी चपटी असलेलं काही आलं तर तो समुद्रसाप, दोरी लांबूनच कापा.

लहान मासे सोडून द्या. ओल्या हाताने धरायचे, कोरड्या हाताने त्यांच्या अंगावरचा चिकट थर निघतो. तुटलेल्या दोरीचा एकही तुकडा किनाऱ्यावर ठेवू नका, दुसऱ्याने टाकलेला दिसला तरी उचला. डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे, जाळ्यात-दोऱ्यात अडकून पाय गेलेली कासवं तिथे येतात. त्याबद्दल वाचल्यापासून मी खिशात दोरीच्या तुकड्यांसाठी एक रिकामी बाटली ठेवतो.

साडेआठच्या आसपास भरती थांबते आणि नेमकी तेव्हाच लोकं पाण्यात उतरायला लागतात. तुमच्या दोन्ही बाजूंना ३० मीटरच्या आत कुणीही पोहायला उतरलं की गळ गुंडाळा, त्यांना हटकू नका, बीच त्यांचाही आहे. मासा लागत असला तरी गुंडाळा.

परतीचा प्रवास मोठा आहे म्हणून मासा तिथेच साफ करून, पोट आणि कल्ले काढून, बर्फात भरा. जितका मासा तितका बर्फ, एक थर बर्फ एक थर मासा, आणि वितळलेलं पाणी जव्हारला चहाला थांबाल तेव्हा काढून टाका, त्या पाण्यात मासा पडून राहिला की घरी पोचेपर्यंत मऊ पडतो.

घरी आल्यावर कितीही दमला असाल तरी झोपायच्या आधी रॉड, रील, शिसं, प्लायर सगळं गोड्या पाण्याने धुवा. रीलवर नळाची जोरदार धार मारू नका, जोराने मीठ आत जातं, हलक्या धारेखाली धरायचं, ड्रॅग घट्ट करून. मग पुसून, ड्रॅग सैल सोडून सावलीत वाळवा. लीडरचा पहिला हातभर तुकडा कापून टाका, तो वाळूने घासलेला असतो, आणि कालनिर्णयावर पुढच्या दशमीला गोल करून ठेवा.